मागाच्या खड्ड्यातून

नागपूर, ता. १० जानेवारी १९५५

गं. भा. देवकीबाई गिरिधर पौनीकर, मुक्काम उमरेड, यांना कळविण्यात येते की,

हे पत्र मी आपला सासरा म्हणून लिहीत नसून आपल्या कोष्टी पुऱ्याच्या नळाचा प्रमुख पंच म्हणून लिहीत आहे. आपण येथून माहेरी गेल्यापासून मी आपणास पत्र पाठविले नाही व आपणाकडूनही आले नाही. ते तसेच राहिले असते. परंतु काम असे उभे राहिले आहे की आपल्या संमतीवाचून ते पुढे सरकत नाही.

पुऱ्यातील नळ माझ्या वडिलांच्या हयातीत आम्हा कोष्ट्यांनी वर्गणी करून टाकला, हे आपणास ठाऊक आहे. मोठ्या रस्त्यावरून तो गल्लीत वळतो आणि चौकातील तोटीपर्यंत येतो. टाकला तेव्हा गटार कच्चे होते व दूर होते. पुढे ते पक्के बांधले गेले, ते नेमके नळाच्या अंगावर. आता नळाचे बीड इतके गंजले आहे की कुदळीच्या दांड्याने टोचले तरी पापुद्रे निघतात. बायका तोटीखाली घागर ठेवून घरी सुताच्या कांड्या भरायला बसतात आणि परत येतात तेव्हा घागर अर्धीच असते.

मागच्या रस्त्याला आता मोठा नळ आला आहे. त्याला जोड देण्यास नळखात्याची कचेरी तयार आहे. अट अशी की पुऱ्याने आपला नळ स्वतः टाकावा, तो नवा असावा, आणि गटारापासून दूर असावा. अट मला रास्त वाटते. रुपराव मिस्तरी याने जागा पाहिली. मागच्या रस्त्यावरून चौकात येण्यास सरळ वाट एकच आहे, व ती आपल्या घरातून जाते. घराच्या जोत्याखाली काळा दगड आहे. तेथे सुरुंग लावल्यास मातीच्या भिंती बसतील. परंतु मागाच्या खोलीत विणकराने पाय सोडून बसण्याचा जो खड्डा असतो, तो दगड फोडूनच केलेला आहे. त्या खड्ड्यातून नळ काढल्यास फोडण्याचे काम थोडे उरते. मात्र नळ बसल्यावर खड्डा कायमचा बुजवावा लागेल.

घरात मागाच्या खोल्या दोन आहेत. एकीत मी विणतो. दुसरी गिरिधराची. ती त्याच्या लग्नात पंचांसमक्ष त्याच्या नावे केली, म्हणून आज ती आपली. ती बंद आहे. चालता माग मोडून बंद माग राखावा असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

किल्ली आपल्यापाशी आहे. कुलूप तोडणे अवघड नाही, लोहार गल्लीच्या तोंडाशीच बसतो. परंतु या पुऱ्याचा पंच कुलूप तोडून कोणाच्या खोलीत शिरत नाही. तरी संमती व किल्ली पाठवावी.

पत्र स्वहस्ते लिहिले आहे, कोणाकडून लिहवून घेतलेले नाही.

नत्थू लक्ष्मण पौनीकर
मराठी चौथी पास


नागपूर, ता. ३० जानेवारी १९५५

चि. देवकीस,

मागील पत्र पंचांच्या वतीने होते म्हणून त्यात 'आपण' होते. हे घरचे आहे.

तुझे कार्ड पोहोचले. अक्षर तुझ्या भावाचे नसून तुझेच आहे, असे तुझ्या सासूचे म्हणणे. उमरेडला बायकांसाठी वर्ग निघाला आहे असे ऐकतो. अक्षर मोठे आहे, पण ओळ सरळ आहे. मजकूर मात्र एवढाच: "मामाजी, त्या मागावर माझं लुगडं अर्धं आहे. खड्डा बुजवू नका."

लुगडे तुझे, हे मला मान्य नाही. ताणा गिरिधराने लावला होता, काठ त्याने धरला होता. तो गेला, दिवसकार्य आटोपले, आणि एका सकाळी पुऱ्याने काय ऐकावे, तर मेलेल्या माणसाच्या खोलीतून धोट्याचा आवाज. माणसे आपापला माग सोडून दारात येऊन उभी राहिली. समोरचा मारोतराव मला म्हणाला, "काहून गा नत्थूजी, पोरगा वापस आला का?" हे मी ऐकून घेतले. आमच्या पुऱ्यात बाई कांड्या भरते, ताणा ओढते, खळ शिजवते, पांजणीच्या वेळी ताणलेल्या सुतावर खळीचा कुंचा फिरवते. मागावर बसत नाही. ही रीत मी केलेली नाही. मी आत आलो आणि ताणा कापला. सुताखेरीज कशालाही कात्री लागली नाही. त्याच सायंकाळी तू खोलीला कुलूप घातलेस व उमरेडची गाडी धरलीस. मी अडविले नाही. तो प्रसंग पुन्हा आला तर आजही मी तेच करीन.

याला कारण आहे. शेवटच्या पावसाळ्यात गिरिधराचे पोटाचे दुखणे चालू होते, अंगात कसर होती, वारा लागू नये म्हणून तो दार लावून घेऊन विणत असे. मी भिंतीपलीकडून धोट्याचा ठोका ऐकत असे. त्या दिवसांत उतरलेल्या लुगड्यांचा काठ तू पाहिला आहेस. तसा काठ माझ्या हाताला कधी साधला नाही. हे मी शेटजीच्या पेढीवर दहा माणसांत बोललो आहे, आणि मी कोणाची स्तुती सहसा करीत नाही. अशा हाताचा जो माग, त्यावर दुसऱ्या कोणी बसू नये, एवढाच माझा हेतू होता.

तुझा नकार मी पंचांना जसाच्या तसा वाचून दाखविला. मग ठरले की तूर्त जुनाच नळ बांधून काढावा. बांधण्याची पद्धत तुला माहीत आहे. लुगडे उतरल्यावर मागावर ताण्याची जी टोके उरतात, त्या दशा प्रत्येक घराने द्यायच्या, त्यांचा पीळ करून सांध्यात ठासायचा, वरून चुना. आमच्या पुऱ्याचा नळ आमच्याच सुताने बांधलेला आहे, असे आम्ही परक्या माणसाला सांगत आलो आहोत. या खेपेसही सर्व घरांनी दशा दिल्या. मारोतरावाने रेशमी दिल्या व तसे सर्वांना सांगितले.

तेव्हा सध्या काम निभावले आहे. परंतु मी मागणी मागे घेतलेली नाही.

तुझा सासरा,
नत्थू लक्ष्मण


नागपूर, ता. २० फेब्रुवारी १९५५

चि. देवकीस,

बांधलेला नळ शिवरात्रीपर्यंतही टिकला नाही. तोटीला आंबूस वास येऊ लागला. तुझ्या सासूने पहिल्यांदा सांगितले तेव्हा मी तिला म्हणालो, तुझ्या हातालाच खळीचा वास असतो. मग घागरीत सुताचे धागे आले. तेव्हा रुपरावाला बोलावून गटाराकडचा सांधा उघडविला.

हा रुपराव मोठा तोंडाळ मनुष्य आहे. त्याने सांध्यात बोट घालून बुळबुळीत लगदा काढला, चारचौघांना वास देऊन फिरविला, आणि म्हणाला, "बावाजी, तुमी सांधा बांधला नाई, सांध्याले जेवण वाढलं. खळ म्हणजे पेजच ना गा? किडे तुमच्या पुऱ्याले दुवा देऊन राहिले."

लोक हसले. मला हसू आले नाही, परंतु म्हणणे खरे होते. ताण्याच्या सुताला खळ असते, म्हणूनच ते मागावर तुटत नाही. तीच खळ ओलाव्यात कुजते. मिस्तरी लोक डांबरात भिजवलेला ताग भरतात व त्यावर शिसे ओततात. पिढीजात सुतात वावरणाऱ्या माणसांच्या हे ध्यानात येऊ नये, याचे कारण एकच, की आपल्या सुतात खोट असेल असे आमच्या मनातच येत नाही.

लगद्याखाली जुन्या बांधणीचे थर निघाले. त्यांतल्या एका थरात कुसुंबी रंगाचा धागा होता. रंग उडाला होता तरी मी ओळखला. पुऱ्यात काठाला तसा कुसुंबी गिरिधरच वापरीत असे. तो मी खिशात ठेवला.

आणखी लिहावयाचे ते असे. नळाला गटाराच्या अंगाने लांब चीर होती व तिच्यात गटाराचा काळा गाळ बसलेला होता. हे केव्हापासून, असे मी विचारले. रुपराव म्हणाला, दोन-तीन पावसाळे तरी झाले असावेत. यावर मी येथे काही लिहीत नाही. तुझी सासू तेथे उभी होती. तिने ऐकले.

त्या दिवसापासून ती त्या तोटीचे पाणी घरात घेत नाही. सक्करदऱ्याच्या वाटेवरच्या विहिरीवरून डोक्यावर आणते. तिच्या गुडघ्यांची स्थिती तुला ठाऊक आहे. मी म्हणालो, इतर घरे उकळून पितात, आपणही पिऊ. तिने ऐकले नाही. अक्षय्य तृतीयेला आपल्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने घागर भरतात. ती म्हणाली, "त्या नळाचं पाणी मी गिरिधरच्या घागरीत भरनार नाई. नवा नळ नाई आला त घागर कोरडी ठेवीन, आन् पुऱ्याले सांगीन काहून ठेवली ते."

घागर कोरडी राहिलेली मी पाहू शकत नाही. तेव्हा मुदत ठरली. अक्षय्य तृतीयेच्या आत नवा नळ चौकात आला पाहिजे.

पंचांच्या सभेत मारोतरावाचे म्हणणे पडले, लग्नसराईची लुगडी मागावर आहेत. चौक खणला तर ताणा कोठे पसरावा व पांजणी कोठे करावी? पावसाळ्यानंतर पाहू. मी म्हणालो, पावसाळ्यानंतर कोण कोण पाहील याची खात्री तू देतोस काय? त्याची धाकटी नात तापाने पडून उठली आहे.

सभा माझ्या बाजूने झाली. अडचण आता फक्त तुझी आहे. तसे मी घरी बोललो तेव्हा तुझी सासू भाकरी थापता थापता म्हणाली, "घरात खड्डे दोन हायेत. तुमचा काय देवानं खोदून देल्ला?"

माझा खड्डा माझ्या वडिलांनी फोडला. त्यात मी वयाच्या बाराव्या वर्षी पाय सोडले, तेव्हा पाय तळाला पोहोचतही नव्हते. चालता माग तो चालता माग.

किल्ली पाठव. हे मी सांगत आहे, विचारीत नाही.

नत्थू लक्ष्मण


नागपूर, ता. १२ मार्च १९५५

चि. देवकीस,

सुतात गुंडाळलेली किल्ली व पत्र दोन्ही पोहोचली. पत्र पंचांना दाखवावे लागेल म्हणून मी दोनदा वाचले. नंतर दाखवू नये असे ठरविले. तू लिहितेस:

"मामाजींना नमस्कार. आत्याबाईंचा निरोप आला. ज्या पाण्यानं ते गेले ते पाणी पुऱ्यात कोणाच्या घरी जायला नको. खड्डा बुजवा. लुगडं राहू द्या. देवकी."

गिरिधर पाण्याने गेला असे कोणाही वैद्याने म्हटलेले नव्हते. तथापि मी वाद घालीत नाही.

निरोप गेल्याचे मला माहीत नव्हते. या घरातून माझ्या नकळत निरोप जातात, हे समजले.

काल दुपारी खोली उघडली. काम सुरू करण्यापूर्वी खड्डा मोजणे जरूर होते, म्हणून मी एकटाच आत गेलो. कोळिष्टके फार आहेत. माग जागेवर आहे. कापलेल्या ताण्याची टोके फणीत तशीच लोंबत आहेत. उंदरांनी ती सोडली, याचे आश्चर्य वाटते. अर्धे लुगडे मागाच्या तुरईवर गुंडाळलेले आहे. त्यावर धूळ आहे, डाग नाही.

मोजण्यासाठी खड्ड्यात उतरलो तेव्हा पायाला लाकूड लागले. पायाने दाबायच्या पावड्यांच्या खाली एक पाट ठेवलेला आहे. गिरिधर उंच होता, त्याला पाटाची गरज नव्हती. गरज त्याला, ज्याचे पाय तळाला पोहोचत नाहीत. पाटावर दोन टाचांचे खळगे आहेत, गुळगुळीत, आतून काळे पडलेले.

मी आयुष्यभर पावडी दाबली आहे. टाचेचा असा खळगा एका सकाळीत पडत नाही, हे मला कोणी सांगावयास नको. एक संबंध पावसाळा जावा लागतो.

बाहेर येऊन तुझ्या सासूला म्हणालो, त्या खोलीत एक पाट आहे. ती तांदूळ निवडीत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाले आत्ता दिसला?"

शेटजीच्या पेढीवर मी कोणत्या काठाची स्तुती केली होती, ते मागील एका पत्रात लिहिले आहे. ते पत्र तुझ्याजवळ असेलच. त्यातील काठाविषयीचे वाक्य मी बदलीत नाही. काठ चांगलाच होता.

काम सोमवारी सुरू होईल. तुझी संमती मिळाली आहे, याची नोंद घेतली.

नत्थू लक्ष्मण


नागपूर, ता. ३ एप्रिल १९५५

देवकीस,

कामाची हकीकत तुला कळविणे माझे कर्तव्य आहे, कारण खोलीची मालकी तुझी आहे.

त्या सोमवारी सकाळी माणसे कुदळी, पहारी घेऊन तुझ्या दारापुढे जमली. रुपरावाने आदल्या दिवशी चुन्याची रेघ मारून ठेवली होती. मी माझ्या खोलीचे दार उघडले व म्हणालो, इकडे खणायचे.

रुपराव म्हणाला, "बावाजी, रेघ त तिकडून मारली."

"रेघ पुसता येते," मी म्हणालो.

मारोतराव पुढे आला. "काहून गा, सुनेची किल्ली नाई आली का?"

"आली."

"मंग?"

"माझ्या खोलीतून उतार चांगला आहे."

रुपरावाने पाण्याची नळी लावून दोन्हीकडचा उतार पाहिला. म्हणाला, उतार दोन्हीकून सारखाच दिसून राहिला. मी त्याला सांगितले की तुझी नळी वाकडी असेल. मारोतराव माझ्याकडे बघत राहिला. तो काही टोचून बोलेल म्हणून मी तयार होतो, परंतु त्याने फेटा काढून खुंटीला लावला आणि पहिली कुदळ त्यानेच मारली. एवढे मात्र म्हणाला, "बुढ्याचा माग मोडाले मले आवडते." हे तो थट्टेने म्हणाला, असे मी धरून चालतो.

माझ्या मागावरचे धोतर मी आदल्या दिवशीच पुरे करून उतरविले होते. ते कशासाठी, असे कोणी विचारले नाही. मागाचे लाकूड माळ्यावर ठेवले आहे. लाकूड चांगले आहे, कशाच्या तरी उपयोगी पडेल.

दगड वाटला होता त्याहून चिवट निघाला. चौकात चर पडल्यामुळे ताणे पसरावयास जागा उरली नाही. पुऱ्यात कुरकूर झाली. मी नियम केला की पांजणी पहाटे सक्करदऱ्याच्या तलावाकाठच्या मैदानात करावी, व ज्याला ते मान्य नसेल त्याने तोटीवर येऊ नये. दोन दिवस माझ्याशी कोणी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सगळे ताणे तलावाकाठी होते.

बिडाच्या नळाचे सांधे जोडण्याची वेळ आली त्या सकाळी मी दार उघडले, तर ओट्यावर दशांचे पुंजके ठेवलेले. सांगितलेले नसताना प्रत्येक घराने आणून दिले होते. इतके सगळे ऐकूनही! मी ते ज्याचे त्याला परत केले. पलीकडची म्हातारी जयवंता पुंजका पोटाशी धरून म्हणाली, "आमचं सूत आता वाईट झालं का, बावाजी?" मी तिला सांगितले, सूत लुगड्याला, नळाला ताग. ती समजली की नाही, माहीत नाही. डोळे पुसत गेली. माझ्या वडिलांनी बांधलेल्या सांध्यांतही असेच सूत होते. त्यांना मी वाईट म्हणत नाही. परंतु पुन्हा भरू देणार नाही.

घागरींनी पाणी ओतून नळ भरून पाहिला तेव्हा एकच सांधा पाझरला, आणि तो माझ्याच खड्ड्यातला. रुपराव म्हणाला, एवढ्यानं काही होत नाही, माती टाकल्यावर आपोआप बसून जाते. बुजल्यावर कोण पाहून राहिलं? मी म्हणालो, मागील नळही असाच बुजविला होता, आणि न पाहण्याची किंमत आम्हाला ठाऊक आहे. शिसे तोडून काढविले. पुन्हा ताग, पुन्हा शिसे. तो रागावून शिव्या देत होता, मी खड्ड्याच्या काठावर बसून होतो. दुसऱ्या खेपेस सांधा कोरडा राहिला. मी हाताने फिरवून पाहिला, मग जीभ लावून पाहिली. मग माती टाकू दिली.

आता माझ्या खोलीत जमीन सपाट आहे. चालताना पाय चुकतो.

नत्थू लक्ष्मण


नागपूर, ता. २७ एप्रिल १९५५

देवकी,

अक्षय्य तृतीया परवा झाली. आदल्या दिवशी कचेरीचा माणूस येऊन मोठ्या नळाला जोड देऊन गेला. सकाळी पाणी आले. आधी हवेचा फुत्कार, मग तांबडे, मग मातकट, मग स्वच्छ. कोणी घागर पुढे केली नाही. मारोतरावाने सगळ्यांना हाताने मागे सारले आणि म्हणाला, "पयले भागीरथाबाईले भरू द्या."

तुझ्या सासूने आधी ओंजळीत घेऊन वास घेतला, तोंडात घेतले, थांबली, मग गिळले. मग गिरिधराच्या नावाची नवी घागर भरली. वर सांजोरी व आंबा ठेवला. रडेल असे वाटले होते, परंतु रडली नाही. चौकातून घरी येईपर्यंत घागरीतला एक थेंबही हलू दिला नाही. तिच्या त्या गुडघ्यांनी हे कसे केले, मला सांगता येणार नाही. कुसुंबी धागा मी घागरीच्या गळ्याला बांधला होता. तो गुरुजींना रुचला नाही. राहू द्या, असे मी त्यांना सांगितले.

विहिरीची वाट बंद झाली. मारोतरावाची नात दिवसातून दहा वेळा तोटी सोडून पाहते व ओरडा खाते.

आता तुझ्या खोलीविषयी.

खोली झाडून, सारवून घेतली आहे. खड्डा कोरडा आहे. माझा माग गेल्यामुळे हाताला काम नाही. काही दिवस मी तुझ्या सासूबरोबर कांड्या भरल्या. माझ्या कांड्या सैल होतात व धोट्यात अडकतील, असे तिचे मत पडले. पुऱ्यातील काही मंडळी हे पाहण्यासाठी मुद्दाम दारावरून गेली. जाऊ द्यावीत.

मग रिकामा माणूस काय करणार? कापलेल्या ताण्याची टोके फणीत होतीच. त्याच मापाचा नवा ताणा पांजून आणला आणि बसून एकेक टोक सांधले. डोळ्यांनी पूर्वीसारखे दिसत नाही, म्हणून उजेड असेल तेवढाच वेळ बसत असे. गाठी बारीक आल्या आहेत, फणीतून न अडकता जातात. खेचून पाहिल्या आहेत. सुटणाऱ्या नाहीत. लुगडे जेथे थांबले होते तेथून पुढे विणता येईल. काठ मी धरलेला नाही. तो ज्याच्या हाताचा त्यानेच धरावा.

मारोतरावाने विचारले, "त्या मागावर कोन बसनार हाय गा?" मी म्हणालो, ज्याचे लुगडे अर्धे आहे तो बसेल. रीतीचे काय, असे तो म्हणाला. मी त्याला विचारले, सांध्यात दशा भरणे हीही आपली रीतच होती की नाही. तो निघून गेला. पुन्हा येईल व पुन्हा विचारील. त्याला उत्तर द्यावयास मी येथे आहे.

एक काम मात्र तुझ्यावाचून अडले आहे. तो पाट वाळवीने खाल्ला आहे. पाट हलतो, आणि हलत्या पाटावर पाय ठेवून विणणे योग्य नाही. माझ्या खड्ड्यातून फोडलेला दगड व मुरूम मागच्या दारी पडून आहे. तो घालून तुझ्या खड्ड्याचा तळ वर उचलून घेतो, वर शहाबादी फरशी बसवितो. परंतु किती उचलावा हे मला ठाऊक नाही. गिरिधराच्या पायांचे माप मला होते. तुझे नाही. सासऱ्याने सुनेला असे माप विचारू नये, हे मी जाणतो. तथापि खड्डा अंदाजाने भरता येत नाही.

तरी गुडघ्यापासून टाचेपर्यंत सुताचा एक धागा धरून, तेवढाच तोडून, पाकिटात घालून पाठवावा. त्यासाठी खळ दिलेलेच सूत घ्यावे. कच्चे सूत ताणते, व माप खोटे होते.

नत्थू लक्ष्मण पौनीकर